मंजुषाच्या रुखवतातली चकती

आंजी गावच्या मंजुषाची बोटं जाड आहेत. आईसारखी, आजीसारखी, कापूस वेचून आणि भाकरी थापून पिढ्यान्‌पिढ्या घडलेली. या बोटांनी कधी बारीक काम होईल असं पाहणाऱ्याला वाटत नाही. क्रोशाची सुई तिच्या हातात टिकत नाही, आणि रांगोळीची रेघ तिनं ओढली तर ती बांधावरच्या पायवाटेसारखी वळत जाते. पण हीच बोटं कापसापासून अशी पातळ चकती करतात, की पाण्यात सोडली तर पाणी कुठं संपलं आणि चकती कुठं सुरू झाली ते सांगता येत नाही. चिमट्यानं उचलली की मग तिची कड दिसते, आणि त्या कडेवर उजेड थरथरतो.

मंजुषा बाबारावांची थोरली. शाळा आंजीत, कॉलेज वर्ध्याला, आणि एम.एस्सी. झाल्यावर तिथंच पौर्णिमा मॅडमच्या हाताखाली संशोधन. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं यायचं. पोरगी वर्ध्याला जाऊन नेमकं करते काय, हे गावात धड कोणाला माहीत नव्हतं. कोणी म्हणे ती दूध तपासते, कोणी म्हणे कापसाचं औषध काढते. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

दुधात साखर असते. आपण घालतो ती नव्हे, दुधाची स्वतःची. ती पोटात फुटावी लागते, तेव्हाच अंगी लागते. ती फोडणारी वस्तू आपल्या आतड्यात तयार होते. शाळेच्या पुस्तकात तिला विकर म्हणतात. लहानपणी ते भरपूर असतं, वय वाढतं तसं पुष्कळांच्या पोटात ते कमी होत जातं. मग पेलाभर दूध प्यालं की पोट फुगतं, गुडगुडतं, माणूस घराबाहेर पडायला भितो. हे विकर बाहेरून आणून दुधात टाकता येतं, डेअरीवाले टाकतातही. पण टाकलेलं विकर दुधाबरोबरच पोटात जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन आणा. मंजुषाचा विचार असा होता, की विकर कापसाच्या चकतीवर पक्कं बसवावं आणि दूध तिच्यातून सोडावं. दूध पुढं निघून जाईल, विकर जागेवरच राहील, आणि उद्याचं दूधही तेच फोडेल.

कापूस हिंगणघाटचा. तिथल्या जिनिंगमध्ये सरकीवर जी आखूड लव उरते ती मंजुषा आणायची, स्वच्छ करायची, विरघळवायची, आणि काचेवर पसरून त्याची चकती करायची. हे काम तिला लवकर जमलं. विकर बसवायचं काम मात्र काही केल्या जमेना. सैल बसवलं तर ते दुधाबरोबर वाहून जाई. पक्कं बसवलं तर जागेवर राही, पण मेलेलं. विकराला एक तोंड असतं असं समजा. साखर त्या तोंडात येते आणि तिचे दोन तुकडे होतात. बांधणारं रसायन आंधळं. ते हात धरतं, पाठ धरतं, तसं तोंडही धरतं. तोंड बांधलेलं विकर चकतीवर कितीही दाटीनं बसलेलं असो, त्याचा उपयोग काय? पहिलं वर्ष विकर पळून जाण्यात गेलं, दुसरं ते मारण्यात.

मंजुषा या काळात खचली असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. ती रोज एस.टी.त खिडकीजवळ बसून शेंगदाणे खाई आणि मेलेल्या चकत्यांचा विचार करी. दुसऱ्या कुणी दुसऱ्या एका विकरावर केलेली एक युक्ती तिनं वाचली होती. ती तिनं आपल्या कापसावर करून पाहिली. बांधायच्या आधीच विकराला त्या दुधाच्या साखरेचा एक तुकडा द्यायचा. तोंड त्या तुकड्यात गुंतलं, की मग रसायन घालायचं. ते हात धरतं, पाठ धरतं, तोंड मात्र त्याला सापडत नाही. मागून धुतलं की तुकडा निघून जातो आणि तोंड मोकळं. विकर आणि चकतीच्या मध्ये तिनं जराशी ढीलही ठेवली, जनावराच्या दाव्याला ठेवतात तशी. रसायन किती, वेळ किती, थंडावा किती, हे जुळवता जुळवता एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला.

मग एका सकाळी तिनं चकतीखालच्या दुधात साखर तपासायची पट्टी बुडवली. ही पट्टी दुधाच्या मूळ साखरेला ओळखत नाही, ती फुटून झालेल्या साखरेलाच ओळखते. पिवळी पट्टी हळूहळू हिरवी झाली. मंजुषानं चकती धुतली, परत दूध ओतलं, परत पट्टी हिरवी. दुसऱ्या दिवशीही हिरवी. पौर्णिमा मॅडम फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, की या पट्टीवर जो रंग उठतो तोही असाच कुणीतरी कागदावर बांधलेल्या विकरामुळे उठतो, आता त्यांच्या रांगेत तुझंही नाव लागलं. मंजुषानं त्या दिवशी शेंगदाण्यांची पुडी अख्ख्या एस.टी.ला वाटली.

पण चकती एक दिवस जगली म्हणून काम संपत नाही. ती महिनोन्‌महिने जगते का, कशानं थकते, थकली तर काय करायचं, हे सगळं उरलं होतं. आणि नेमकं तेव्हाच तिचं लग्न जुळलं.

मुलगा आष्टीकडचा. नाव धनंजय, घरी संत्र्याचा बगिचा, स्वभावानं मऊ. त्यानं पहिल्या भेटीतच सांगितलं, की तुझं काम अर्धवट सुटावं असं मला वाटत नाही. पण त्या घरात वडिलांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. वडील नत्थूजी. गवळाऊ गाईंचे शौकीन, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, गोठ्यात पांढऱ्या गाई. आष्टीहून वर्धा रोज जाण्यायेण्यासारखं नाही. लग्नानंतर मंजुषाला आठवड्यातले बरेच दिवस वर्ध्याला राहावं लागलं असतं. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, बाबारावांनी भीत भीत हा विषय काढला. नत्थूजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, लग्न होऊ द्या, मग पाहू.

आपल्याकडे या ‘मग पाहू’चा अर्थ सगळ्यांना कळतो. मंजुषालाही कळला. पण त्याच बैठकीत तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. सगळ्यांना बासुंदी वाढली गेली आणि नत्थूजींनी वाटी बाजूला सारली. धनंजयनं तिला नंतर सांगितलं, की बाबांना बऱ्याच वर्षांपासून दूध सोसत नाही. पहाटे उठून स्वतः गाय दोहतात, फेसाळलेली बादली घरात आणून ठेवतात, आणि स्वतः काळा चहा पितात.

लग्न मे महिन्यातलं. रुखवत मांडायला बाबारावांची मोठी बहीण जयवंता हिंगणघाटहून आधीच येऊन बसली. जयवंता आत्यानं मांडलेलं रुखवत पाहायला वऱ्हाडी पंगतीवरून उठून येतात, अशी तिची ख्याती. नवरीच्या हातचं काय काय आहे ते तिथं दिसलं पाहिजे, हा तिचा नेम. तिनं सरकीची गाय केली, कापसाच्या वातींचं तुळशीवृंदावन केलं, आणि मग भाचीला धरलं.

“तुह्या हातचं काय ठेवू?”

“माह्या हातचं काई नाई, आत्याबाई.”

“एवढी वर्षं वर्ध्याले जाऊन राह्यली, अन्‌ हातचं काईच नाई?”

मंजुषानं थर्मासमधून एक डबी काढली आणि पाण्यातली चकती दाखवली. आत्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“हे तं दिसतच नाई. न दिसनारी वस्तू रुखवतात ठेवू का मी?”

मंजुषानं तिला सगळं सांगितलं. विकर हा शब्द आत्याच्या तोंडात बसेना, म्हणून तिनं त्याचं नाव गडी ठेवलं. दुधात काम करणारा गडी. मग तिला ते इतकं आवडलं, की दारात येईल त्या बाईला ती गड्याची गोष्ट सांगू लागली, आणि दर वेळी गड्याची ताकद थोडी वाढवू लागली. बेत तिनंच ठरवला. रुखवताच्या मधोमध काचेचं नवं नरसाळं, त्यात चकती, वर दूध, खाली पेला. आणि तो पेला खुद्द व्याह्यांच्या हातात. मंजुषा आधी नको म्हणाली. पण बाजूला सारलेली बासुंदीची वाटी तिच्या डोळ्यांपुढून जाईना. तिनं मॅडमना विचारलं. मॅडमनी चकती धुवून धुवून तिचं शेवटचं पाणी तपासलं, रसायनाचा मागमूस नाही याची खात्री केली, तेव्हा कुठं हो म्हटलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं, की मांडवातल्या कूलरनाही घाम फुटावा. मंजुषानं दूध सकाळीच उकळून थंड करून ठेवलं होतं, चकती बर्फात होती. तिनं आत्याला सांगितलं, नवऱ्याकडची मंडळी रुखवताजवळ आली की मला हाक मार, मी येऊन ओतते. आत्या हो म्हणाली. मग मंजुषाला हळदीच्या साडीतून शालूत नेण्यासाठी बायकांनी खोलीत कोंडलं.

नत्थूजी वेळेआधीच आले. त्यांना रुखवतापेक्षा सरकीची गाय पाहायची होती, तिची शिंगं बरोबर आहेत का म्हणून. आत्यानं तेवढ्यात त्यांना नरसाळ्यापुढं उभं केलं आणि गड्याची गोष्ट चालू केली. गोष्ट सांगता सांगता तिचा हात दुधाच्या भांड्याला लागला. दूध थंड. सकाळचं. मे महिन्यातलं. व्याह्याच्या हातात सकाळचं थंड दूध द्यायचं, हे जयवंता आत्याच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. ते नासलं तर? आणि नासलं नाही तरी, थंड दिलं म्हणून विहीण जन्मभर बोलून दाखवील ते वेगळंच. तिनं भांडं आचाऱ्याकडं धाडलं. दूध चांगलं उसळी मारेपर्यंत उकळून आलं. चकती बर्फातून तिनं स्वतःच्या हातानं काढून नरसाळ्यात बसवली, मंजुषानं दाखवलं होतं तश्शी, आणि वाफा निघत असलेलं दूध मोठ्या मानानं तिच्यावर ओतलं.

मंजुषाला कोणी हाक मारली नाही. ती बाहेर आली ती हशा ऐकून. बाशिंग बांधलेलं, डोळ्यांपुढं मण्यांच्या लडी. त्या लडींतून तिला दिसलं, की नत्थूजींच्या हातात पेला आहे, भोवती दोन्हीकडचे वऱ्हाडी आहेत, आणि नत्थूजी खुशीत आहेत. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, की हे दूध पिऊन मी पंगतीत शेवटपर्यंत बसलो, तर सूनबाईले वर्ध्याले जायाची सूट. टाळ्याही पडल्या. धनंजय दुरून हसत होता.

मंजुषानं नरसाळ्याच्या काचेवर मनगटाची आतली बाजू टेकवली आणि लगेच काढून घेतली. चटका बसला. आपल्या अंगाला सोसते तेवढीच उष्णता त्या विकराला सोसते. त्याच्या पुढं ते अंड्याच्या बलकासारखं गोठतं, आणि गोठलेलं परत पातळ होत नाही.

हवं ते वचन मांडवात सगळ्यांदेखत मिळून गेलं होतं. पेला ओठाला लागायचा तेवढा बाकी होता. पोट बिघडायला वेळ लागतो, कधी पंगत उठेपर्यंतही काही होत नाही. गप्प राहिली असती तर तो शब्द तिचा होता.

“मामाजी, पिऊ नका,” ती म्हणाली.

नत्थूजींनी पेला ओठापाशीच धरून तिच्याकडे पाहिलं.

“काऊन?”

“चकती मेली. हे आता साधंच दूध आहे. तुमाले तरास होईन.”

आत्याला ते लागलं. ती म्हणाली, मेली कशी, आताच तं माह्या डोळ्यांपुढं गाळलं. मंजुषानं कमरेला खोचलेली पट्टी काढली. नवरीच्या कमरेला पट्टी कशाला, हे कोणी विचारलं नाही. तिनं ती पेल्यात बुडवली. सगळे वाकून बघत राहिले. पट्टी पिवळी होती ती पिवळीच राहिली.

“दूध गरम होतं, आत्याबाई. गड्याले ते सोसत नाई.”

जयवंता आत्याचा चेहरा असा झाला, की मंजुषाला आपण बोललो याचं वाईट वाटलं. नत्थूजींनी पेला खाली ठेवला नाही. तो त्यांनी धनंजयच्या हातात दिला, पिऊन टाक म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला.

“ठीक हाय. जितं असन तवा बोलावजो मले. मी घेईन.”

इथं दुसरी कोणी असती तर पदर तोंडाला लावून आत गेली असती. जयवंता आत्या पुढं सरकली.

“व्याहीबुवा, जितं करा लागन ना आधी. अन्‌ ते काई तुमच्या गोठ्यात होत नाई. पोरीले वर्ध्याले पाठवाच लागन.”

“आत्याबाई, मारलं कोनं ते तं सांगा,” नत्थूजी म्हणाले.

“म्याच मारलं. म्हनून तं बोलून राह्यली. भरून द्याची जिम्मेदारी माही, पन हात तिचेच लागतीन. आता तुमीच सांगा, चार लोकांत दूध पितो म्हनले, ते पिनार का नाई पिनार?”

नत्थूजी अडकले. दूध पिणार नाही म्हणावं तर शब्द मोडतो, पिणार म्हणावं तर सून वर्ध्याला जाते. मांडवातल्या प्रत्येकाला हे एकाच वेळी कळलं आणि हशा असा उठला, की बँडवाल्यांना वाटलं मंगलाष्टकं झाली. नत्थूजीही हसले, पण कमी.

“एक चकती,” ते बोट वर करून म्हणाले. “एकच. ते करून आनजो. मग पाहू.”

असं हे लग्न लागलं. मंजुषा सत्यनारायण आटोपून, सासूबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या घेऊन वर्ध्याला आली. एका चकतीचीच परवानगी होती, म्हणून तिनं ती फार मन लावून केली. विकराला साखरेचा तुकडा दिला, रसायन हलक्या हातानं घातलं, धुतली, पुन्हा धुतली. पट्टी हिरवी झाली तेव्हा फोन केला.

नत्थूजी दुसऱ्याच दिवशी हजर झाले. पहाटेच्या एस.टी.नं, मांडीवर स्टीलची बरणी घेऊन. परक्याच्या दुधावर त्यांचा भरवसा नव्हता, आपल्या गाईचंच आणलं होतं. पौर्णिमा मॅडमनी त्यांना प्रयोगशाळेत दूध प्यायला साफ मनाई केली. व्हरांड्यात टेबल मांडलं, नरसाळं तिथं आलं. दूध उकळून, मनगटाला कोमट लागेल इतकं निववून मंजुषानं ओतलं. थेंब सावकाश पडत होते. नत्थूजी खुर्ची पुढं ओढून बसले आणि गाय दोहताना धारेकडे पाहावं तसे थेंबांकडे पाहत राहिले. पेला भरायला बराच वेळ लागला. त्यांनी तेवढ्यात मॅडमना गवळाऊच्या कपाळाची ठेवण समजावून सांगितली, आणि मॅडमनी त्यांना चकतीची. दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळलं, पण मजेत.

पट्टी हिरवी झाली. नत्थूजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“यात साखर घातली तुमी.”

मंजुषा म्हणाली, घातली नाही, दुधातली साखर फुटली की ती जास्त गोड लागते. त्यांचा विश्वास बसेना. माझ्या गाईचं दूध मला ओळखू येत नाही का, असं त्यांचं म्हणणं. पेला रिकामा करून धुवायला लावला, नरसाळं रिकामं करायला लावलं, चकती पुन्हा धुवायला लावली, बरणीतलं दूध स्वतःच्या हातानं कोमट करून ओतलं, आणि कोणाचा हात त्याच्याजवळ जाऊ नये म्हणून टेबलावर पालथा पंजा ठेवून बसले. पुन्हा तेच गोड दूध. या वेळी त्यांनी पेला खाली ठेवला नाही. शेवटचा घोट तोंडात धरून ते थोडा वेळ बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिले. मिशीवर दुधाची ओली कड उमटली होती. ती पुसायचं त्यांना भान राहिलं नाही, आणि मंजुषानं सांगितलं नाही.

मग वाट पाहणं आलं. दुपार झाली. जाणारे येणारे विद्यार्थी विचारत, आजोबा कसं वाटते. नत्थूजी पोटावर हात ठेवून ऐकल्यासारखं करीत आणि मान हलवीत. हिंगणघाटहून जयवंता आत्याचा फोन आला, तोही एकदा नाही. शेवटी तिनं नत्थूजींनाच द्यायला सांगितला आणि विचारलं, व्याहीबुवा, गडी काम करून राह्यले का नाई. नत्थूजी म्हणाले, पोट चूप हाय, पन तुमी आता जरा चूप ऱ्हाजा.

संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ झाली तरी काही झालं नव्हतं. ना गुडगूड, ना फुगारा. मंजुषा त्यांची रिकामी बरणी धुवून घेऊन आली. एक चकती करून झाली होती, परवानगी तिथंच संपत होती. स्टँडपर्यंत दोघं चालत गेली. फलाटावर नत्थूजी थांबले.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “पन एका येळच्या दुधावर मी गाय इकत घेत नाई. आज चांगली दुहू दिली, उद्या लात मारली तं?”

“मग, मामाजी?”

“मग का? गाईची पारख कराची तं वेतभर दुहून पाहा लागते. ब्याली तवापासून आटे लोक. तुहं कापूसही तसंच पाह्यलं पायजे. वेतभर तं लागनच.”

मंजुषाला क्षणभर कळलं नाही. गाय व्याल्यापासून आटेपर्यंतचा काळ, म्हणजे पुढचा सगळा पावसाळा, हिवाळा, पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मग कळलं. चकती किती दिवस जगते हे पाहायला तिला नेमका तेवढाच वेळ हवा होता.

“म्हंजे मी इथंच राहू?”

“नाई तं दूध कोन पाठवनार मले? शनवारी येजो घरी, सोमवारी जाजो. जाताना बरनी भरून नेजो, येताना गोड दूध आनजो.” त्यांनी तिच्या हातातली बरणी घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, नाकाला लावली. “अन्‌ कापूस धुताना गरम पानी नको घालत जाऊ. तुह्या आत्याले आधी सांग.”

एस.टी. लागली. ते चढले, खिडकीजवळ बसले, आणि बरणी मांडीवर घेतली. मंजुषा खाली उभी राहून हसत होती.